तोंडात पिलं धरणारा मासा

— तितं नगं, सायेब, कडंला बसा. मधली फळी ढिली हाय, आणि तुमची पँट पाक गुडघ्यापस्तोर भिजल्याली — गिऱ्हाइकानं मंग बसायचं कुटं? डोहात उतरायची काय गरज व्हती म्हंते मी. वरनं दिसत न्हाई का? लख्ख ऊन पडलंय, तळाचा गोटा न् गोटा दिसतोय, पर न्हाई, सायबाला पान्यात उतरायचं. चपला तरी काढल्या का? काढल्या. तेवडं बरं केलंत. साती आसरांचा डोह हाय त्यो, चपला घालून तितं आमची म्हसबी जात न्हाई. हसू नगा. च्या टाकलाय, गुळाचा हाय, साखर रेशनवर आली तर आली. आनि डोहात ह्यो मासा कुनी सोडला, कुनी सोडला ह्ये किती बारी इचारनार? म्या च्या इकते. ह्या रस्त्यानं दिवसाला शंभर मोटारी घाटाकडं जात्यात, त्यातल्या कुनी डोहात काय टाकलं ह्ये बघत बसले तर माजं दूध उतू जाईल.

बरं, सांगते. पुन्याचे ते लोक — तुमच्यावानीच, टोप्या घातल्याले, पर पोटं सुटल्याली — शनवारी सकाळी जीप घेऊन यायचे. मागं पत्र्याचा डबा, ह्यो एवडा, दोगांनी उचलायचा. मी पयल्यांदा इचारलं, काय हाय वो त्यात, तर म्हनले मासं. म्हनलं इकायला? तर न्हाई. म्हनलं खायाला? तर न्हाई. अलिबागेला समिंदरात मासं धराया चाललोय, त्येच्यासाटी आमिष. आता बोला. समिंदराला मासा कमी पडला व्हय? हितनं मासा घिऊन जायाचा, घाट उतरायचा, खोपोली, पेन, आनि तितं खडकावर बसून एक मासा पान्यात सोडून दुसऱ्या माशाची वाट बघायची. आमच्या गेनूला — माज्या ल्येकाला — म्हनलं, बघ रे, शिकल्याली मानसं. आनि मासा जित्ता पायजेल. मेलेला चालत न्हाई, समिंदरातल्या माशाला शिळं आवडत न्हाई म्हन. म्हनून एकजन मागं बसायचा आनि सायकलचा पंप घिऊन डब्यातल्या पान्यात हवा मारायचा. डोळ्यानं बघितलंय. पुन्यापास्नं हितपस्तोर पंप मारत आल्याला मानूस, घामानं न्हाल्याला, आनि त्यो मला म्हनतो, मावशी, गार पानी द्या. म्हनलं घ्या की. तर पिला न्हाई. माशाच्या डब्यात वतलं.

त्येंनीच सांगितलं मला, ह्यो मासा येगळा हाय, परमुलखातला, खाऱ्या पान्यातबी मरत न्हाई, म्हनून आमाला लागतो. चिलापी. व्हय, त्येच, तुमी सांगितलं की आता, आफ्रिकेतला. आफ्रिका कुटं आली? इंदुरीच्या पल्याड का? न्हाई, ठाऊक हाय मला, समिंदरापल्याड, मस्करी केली. आनि त्येच्यावर आता तुमच्या सरकारी मासंखात्यानं हुकूम काढलाय — बाहेरचा जित्ता मासा परवान्याबिगर न्यायचा न्हाई, आनायचा न्हाई, कुटल्या पान्यात सोडायचा न्हाई. झ्याक. घाटातल्या नाक्यावर पोलीस उबे राहनार आनि मासं धरनार. आत्तापस्तोर दारू धरत व्हते न्हवं? त्यांनी काय धरली ते सांगू का? त्याच माशाच्या डब्यात, खाली बाटल्या न् वर मासं. हवालदार डब्यात हात घालायचा न्हाई, मासा वळवळला की मागं सरकायचा. त्यो हवालदार आता चिलापी वळखनार, खवलं मोजून. लय भारी. घ्या, च्या घ्या. बशी हवी का? हात पोळतोय तुमचा.

आता तुमी म्हनता, समद्या डोहाला जाळं लावायचं, चिलापी येचून काढून मारायची, एकबी ठिवायची न्हाई. आनि गावाला काय सांगनार? त्या डोहात आमी कवा गळ टाकला न्हाई. आसरांचं मासं हायेत ते. माजी सासू सांगायची, तिच्याबी सासूनं सांगितल्यालं. दुस्काळात मानसं कंदं उकडून खात व्हती पर ह्या डोहाला हात लावला न्हाई कुनी. खडशी मासळ्या व्हत्या तितं, मोठ्या खवलाच्या, पोरानं पाय सोडला तर पायाला ढुशी द्यायच्या. त्यातली एक लय जुनी, तिला आमी म्हातारी म्हनायचो. नव्या नवरीनं ओटी भरली, लाह्या टाकल्या की ती वर यायची, सावकाश, घाई न्हाई, पाटलाच्या घरची असल्यावानी. मी लगीन होऊन आले तवा आलती. माज्या सुनंच्या टायमालाबी आलती. दोन वरसं झाली, दिसली न्हाई. खडशीच दिसत न्हाईत. तुमी म्हनता त्येंची अंडी खाल्ली ह्या चिलापीनं, जागा खाल्ली. असंल. तुमी शिकल्याले. पर गावाला चिलापी ठाऊक न्हाई. आमचा शिदू भगत म्हनतो, म्हातारी आपसूक गेली न्हाई, कुनीतरी तिला घालवली, आनि ज्यानं घालवली त्येच्या घरात पाळना टिकनार न्हाई. गेल्या आवसंला अंगात आलं व्हतं त्येच्या, तवा समद्यांम्होरं बोलला. नाव निगंल म्हनला, आसरा सोता नाव सांगतील.

शिदूला काय, त्येच्या नारळाची सोय झाली. कशी? अवो, बाया येत्यात ना. तुमी डोहावर हिरव्या बांगड्या बघितल्या न्हाईत? काठावर ढीग पडलाय. कामशेतच्या, इंदुरीच्या, त्या तिकडनं टाकव्याच्या बाया पायी येत्यात, ज्येंच्या घरात पाळना हलत न्हाई त्या. येऊन बसत्यात, लाह्या टाकत्यात आनि बघत्यात. कुटला मासा तोंड उघडून पिलं सोडतोय का. सोडली की रडत्यात. ती पिलं बाहेर येत्यात, मोहरीएवडी, जरा कुनाची सावली पडली की पुन्हा आईच्या तोंडात. कवा बघितलं व्हतं असं? आमी तर जन्मात बघितलं न्हवतं. आसरांनी केलं म्हनले समदे. म्हातारी गेली पर आसरांनी आपल्या लेकुरवाळ्या धाडल्या. मीबी म्हनलं. व्हय, मीबी म्हनलं, मला काय आफ्रिका ठाऊक व्हती? आनि आता तुमी येता, भिजल्याल्या पँटीनं, आनि सांगता की त्येच्यात नवल कायबी न्हाई, त्या माशाची जातच तशी, समद्याच असं तोंडात पिलं धरत्यात, कुटंबी, गटारातबी. जातच तशी. मंग आमची बायाबी आली ती जातच तशी म्हनून आली का?

बाया म्हंजी माजी नात. न्हाई, तिचा संबंध न्हाई. हिशेबात धरू नगा. आसरांची म्हनून नाव बाया ठेवलं, बस. त्या पोरीनं चार मासं सोडलं पान्यात, मरायला टेकल्याले, त्येनं तुमचं सरकार बुडालं व्हय? दर्यात गळाला टोचून मारलं तर परवाना देनार, आनि पान्यात सोडून जगवलं तर खटला भरनार. वा रं सरकार.

कोन पोरगी? मी पोरगी म्हनले का? न्हाई म्हनले. बाया म्हनले असंन, बाया तर दीड वरसाची हाय, ती काय डबा उचलनार — पेन्शील खाली ठिवा, सायेब. ठिवा आदी. मंग बोलते.

आईका. ते लोक आयतवारी सांजच्याला परत यायचे. थोबाडं उन्हानं लाल झाल्याली, मासं मिळालं असलं तर गात, न्हाई मिळालं तर भांडत. डब्यात उरल्याले मासं असायचे. पुन्याला न्यायचा कंटाळा. कुनी रस्त्यावर वतायचा, कुनी मला म्हनायचा मावशी कालवन करा. मी केलंबी एकदा, नुसतं काटं. तर एका आयतवारी आमची हिरा — सून माजी — हितंच भांडी घासत व्हती. सहा वरसं झालती लग्नाला, पाळना न्हाई. मी काय तिला फुलानं झेलत व्हते असं समजू नगा, मी बोलायची. लय बोलायची. पर भावकीतल्यांनी जवा गेनूसाटी दुसरी पोरगी बघितली, तवा मीच चुलीतलं लाकूड घिऊन दारात उबी ऱ्हायले, म्हनलं दुसरी ह्या उंबऱ्यातनं आत आली तर मी त्येच उंबऱ्यातनं बाहेर पडंन. हिराला ठाऊक न्हाई ह्ये. तिला कुनी सांगितलं न्हाई, तुमीबी सांगू नगा. तर शिदूनं तिला सांगितल्यालं, आसरांच्या नावानं जित्तं काय तरी सोड. दुसरी कुनी असती तर कोंबडा सोडला असता, समदे कोंबडाच सोडत्यात, रानात सोडायचा न् मागं बघायचं न्हाई. हिला वाटलं, पान्यातल्या देवींना कोंबडा काय करायचा? बुडून मरंल बिचारा. तिनं त्या जीपवाल्याकडं उरल्याले मासं मागितले. त्यो हसला, म्हनला घे की. हंड्यात घातले तिनं, कडंवर हंडा, न् गेली उतरून डोहाकडं. मागं बघितलं न्हाई तिनं. म्या बघितलं. येताना चेहरा असा व्हता तिचा जसं कुनीतरी तिला व्हय म्हनलं. आनि वरसाच्या आत बाया झाली. नाकं मुरडली लोकांनी, पोरगी झाली म्हनून. मी पेढं वाटलं, हितनं जानाऱ्या मोटारी थांबवून वाटलं, त्या पंपवाल्यालाबी दिलं.

झालं का समाधान? काय लिवनार आता? हिरा गेनू, राहनार अमूक, हिनं परमुलखातला मासा डोहात सोडला? आनि मंग तुमी जानार पुन्याला, पँट वाळवनार, आनि तुमचा शिपाई येऊन चावडीवर त्यो कागद वाचनार. शिदू तितं बसल्याला असंल. त्येला अंगात यायाचीबी गरज न्हाई मंग, सरकारनंच नाव सांगितलं. म्हातारी कुनी घालवली — हिरानं. पाळना कुनाचा टिकनार न्हाई — हिराचा. आनि हिराला खरं वाटंल ते, ह्ये तुमाला कळतंय का? तुमाला न्हाई वाटनार, मला न्हाई वाटनार, शिदूला सोताला न्हाई वाटनार. तिला वाटंल. बायाला जरा ताप आला की ती डोहाकडं बघंल. ती पोर रोज सांजच्याला लेकीला घिऊन जाते तितं, लाह्या टाकते, आनि लेकीला शिकवते, ह्ये तुजं भाऊ, ह्या तुज्या बहिनी. त्यातला एकएक मासा जाळ्यात धरून तुमी काठावर मारनार आनि ती बघनार.

जाळं लावू नगा असं मी म्हनत न्हाई. लावा. खडशी पुन्हा यायच्या तर लावाच, मलाबी म्हातारी बघायचीय एकदा. पर सांगताना येगळं सांगा की. पान्याला रोग आलाय म्हना, सरकारी दवा टाकायचाय म्हना, तुमाला काय खोटं बोलता येत न्हाई व्हय, एवडी नोकरी केलीत ती. आनि नाव पायजेलच असंल तर लिवा — चिमाबाई. मी सोडलं. व्हय, मीच, हंडा भरून, कडंवर घिऊन. माजी कड बघता काय? चढता येत न्हाई मला त्यो उतार, ठाऊक हाय, गुडघं गेलं. तवा येत व्हतं. लिवा. मला काय करनार गाव? पाळना टिकायचा न्हाई त्यो माजा, आनि माजा तर हालून झालाय कवाचा. पंचायतीला म्हनंन, म्हातारीला मी खाल्ली, कालवन करून, तिखट जास्त झालं व्हतं. शिदूच्या तोंडावर म्हनंन. त्येला तसंबी एकदा ऐकवायचंच हाय मला कायतरी.

मान हलवता काय नुसती? व्हय का न्हाई? तुमच्या पुन्याला मान आडवी हलवली की काय समजायचं ते आमाला कळत न्हाई, तोंडानं बोला. कायदा, कायदा. ज्येनं पंप मारत आनलं त्येला धरा की. त्येचं नाव ठाऊक न्हाई, जीप मात्र हिरवी व्हती, आनि मागच्या वरसापास्नं आली न्हाई — तुमच्याच कुठल्या तरी कचेरीत बसत असंल, टोपी तशीच व्हती. न्हाई, तुमाला म्हनत न्हाई. टोपी म्हनले.

थांबा. पेन्शील खिशात टाका. पट्दिशी. ती बघा येतीया वर, कडंवर पोर. भाकर घिऊन आली माजी. एक शबुद काढू नगा, सायेब, मी पाया पडते तुमच्या, म्हातारी मानूस हाय, पाया पडते.

काय गं, इतक्या लवकर? आन हिकडं तिला. बघ, लाळ गळतीया, दात येतोय वाटतं — काय म्हनलीस? ह्ये? ह्ये कोन न्हाई गं. वाट चुकल्यालं मानूस हाय, समिंदराकडं जायचंय त्येला, मासं धराया. पाय घसरून पडला नदीत, म्हनून भिजलाय. तू जा, आत चूल बघ.

हितनं सरळ जावा, दादा. घाट लागंल, मंग नुसता उतार. च्याचं ऱ्हाऊ द्या. जावा.