हात भरलेला होता

—नाही, ते वहीत लिहू नका. आधी सांगा, लिहिलेलं जातं कुठे? कपाटात? आणि कपाटाची किल्ली? तुमच्याकडेच — असं सगळेच म्हणतात, मॅडम. तो कागद सासूबाईंच्या हाती पडला की संपलंच, त्या टपूनच बसल्यात. ‘तुझा हात उघडेपर्यंत नात माझ्याकडे राहील’ म्हणाल्या, रविवारी न्यायलाच येणार आहेत. बोलणं कसं, मधात बुडवलेलं! तीन वर्षांची पोर माझी, एकदा गेली की हात उघडला तरी परत मिळेल होय? त्यात तुम्ही वेडी म्हणून शिक्का मारलात म्हणजे त्यांच्या हाती आयतंच कोलीत.

हाताच्या डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचल्या आणि म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. मग मूठ का उघडत नाही? तर म्हणे त्या मॅडमकडे जा. चप्पल तुटली म्हणून टोपी शिवायला टाकतं का कोणी? — हसू नका. हसता छान, पण म्हणून लगेच विश्वास ठेवीन असं नाही. सातवीपर्यंत शिकलेय मी, वाचता येतं. बाहेर पाटीवर लिहिलंय ना, मोठा धक्का बसला की मनही आजारी पडतं, उपचारानं बरं होतं — वाचलं, तीनदा वाचलं. पण धक्का कसला? मला तर कारखान्याला आग लागली त्या दिवशी खरचटलंसुद्धा नाही. केस तेवढे होरपळले थोडे.

तुमच्या त्या पेनांच्या पेल्यात काय आहे? कात्री ना? खणात टाका. टाका म्हणते ना — हं, पुरता लावा खण. कशासाठी म्हणजे? नाही आवडत मला. बघा, लगेच पेन उचललंत!

कामच कात्रीचं होतं माझं. शर्ट शिवायच्या कारखान्यात धागे कापायला होते मी. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे कापायचे, दिवसाला चारशे शर्ट. प्रत्येकीची कात्री वेगळी, तिच्यावर नंबर — माझा सतरा. संध्याकाळी गेटवर वॉचमनकडे जमा केली तरच बाहेर सोडणार. म्हणून पाणी प्यायला उठलं तरी कात्री हातात, नाहीतर कोणी उचलली की बसा बोंबलत. चार वर्षं तेच — अंगठा एका कडीत, बोटं दुसरीत. पुढे पुढे तर हातात काही आहे हेच कळत नाही.

आग लागली ती गठ्ठ्यांच्या खोलीत, दुपारी, नुकतीच जेवणं आटोपली होती. धूर दिसला तशी मी पोरांच्या खोलीकडे धावले — कामावरच्या बायका पोरं तिथंच ठेवायच्या. त्या दिवशी दोनच होती. एक माझी, आणि एक काजवालीचं तान्हं. काजवाली म्हणजे काजाच्या मशीनवर बसायची ती, माझी मैत्रीण — ती नेमकी खाली माल पोचवायला गेलेली. माझीला डाव्या कडेवर घेतलं. मग वाकले. वाकले होते मी, मॅडम, हे नीट ऐका! तान्हं रडत होतं, पाय झाडत होतं, आणि मला वाटलं — हात भरलेला आहे. एवढंच. हात भरलेला आहे, आता कसं घेऊ? आणि निघाले.

आणि गेटवर येऊन काय केलं असेल? वॉचमनपुढे कात्री धरली. जमा करायला! तो बघतच राहिला. मग ओरडला, ‘आत कोणी आहे का?’ मी नुसतं वर बोट केलं — डाव्या हाताचं. तो पळत गेला, घेऊन आला तान्ह्याला. आहे हो, जिवंत आहे, खोकला तेवढा राहिलाय. पण मी नाही आणलं.

हे तुम्ही विचारलंही नव्हतं. भारी लबाड आहात — नुसतं गप्प बसून काढून घेता. ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही मी. काय? अंगाला आठवत राहतं? म्हणजे हाताला वाटतंय, अजून कात्री धरलीय? ...हो, अंगठा असाच असायचा. बोटंही. पण थोडं थोडं सांगत गेलं की मोकळं होईल म्हणता — सांगून कात्री खाली पडते होय?

काजवाली दर आठवड्याला घरी येते. म्हणते, ‘तू वर बोट केलंस म्हणून माझं लेकरू वाचलं, तुझे उपकार फिटायचे नाहीत.’ का बोलते इतकं गोड? मला वाटतं तिला कळलंय, ती पारखतेय मला. तान्ह्याला पुढे करते, ‘घे ना जरा मावशे!’ मी म्हणते, हात चालत नाही. तर बसवते मला आणि माझी वेणी घालून देते. एका हातानं घालता येत नाही ना. मानेवर तिची बोटं लागली की मला घाम फुटतो.

आज कुणी आणलं? तिनंच की. बाहेर बाकावर बसलीय. जरा सरका, फटीतून दिसते का बघू — ती बघा. एका हातात माझी, दुसऱ्यात तान्हं. दोघांना धरून बसलीय मघापासून.

बोलावू? कुणाला, तिला? इथं? नाही. मुळीच नाही. उठू नका, मॅडम, दाराला हात लावू नका! — तुम्ही नाहीच सांगणार, मीच सांगायचं? आणि ती उठून गेली तर? गेली तर काय... वेणी कोण घालणार मग?

वही मिटा. मिटा आधी. ती खुर्ची ओढा इकडे — डाव्या बाजूला नको, उजव्या. हं. आता तुम्ही बाहेर जा आणि तिला एकटीला आत पाठवा. पोरं तुम्ही धरा, दोन्ही. धराल ना? मग ते पेन ठेवा आधी खाली.