सातवा ओंडका

लेओकाडिया : आधी दार लाव, लुद्विक. आणि मी सांगेपर्यंत त्या फडक्याला हात लावायचा नाही.

लुद्विक : आत्या, शनिवारी सकाळी वनचौकीवर टोपली? खसखशीचा केक दिसतोय!

लेओकाडिया : केक कसला न् काय! आधी सांग, काल ओढ्यापलीकडून बीचच्या झाडांचे ओंडके ओढून नेले, ते कुणाच्या हुकमानं?

लुद्विक : ठेकेदाराला परवानगी आहे. पडलेलं लाकूड जागीच कुजू द्यायचं, हा नियम पोवळ्याच्या अळंबीसाठी होता. ती आता या खोऱ्यात नाहीच म्हटल्यावर नियम कशाला ठेवतील?

लेओकाडिया : नाहीच, असं कोण म्हणालं?

लुद्विक : दुर्मीळ जातींची लाल यादी. म्हणजे मीच. तीन वर्षांपूर्वी 'खोऱ्यातून नामशेष' असं तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं की! तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "बाळा, ती तुझ्या आजोबांबरोबरच गेली."

लेओकाडिया : म्हणाले खरी.

लुद्विक : मग?

लेओकाडिया : काढ आता फडकं.

(तो फडकं काढतो. टोपलीत पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली, चिखलानं माखलेली अळंबी.)

लुद्विक : अगं आई गं... ही कुठं मिळाली?

लेओकाडिया : ओंडका ओढताना तुटली, चिखलात पडली होती. पांढरीशुभ्र होती रे. बघ काय दशा केलीय.

लुद्विक : म्हणजे तुला ठाऊक होतं!

लेओकाडिया : अकरा वर्षं. सात ओंडके. माझ्या नवऱ्यानं, वालेंटीनं, मरायच्या आदल्या दिवशी कानात सांगितलं. त्याला त्याच्या आईनं तसंच. अळंबीची जागा धडधाकट असताना सांगितली की सांगणारा वर्ष काढत नाही, म्हणतात.

लुद्विक : अगं, पण मी काही टोपली घेऊन आलो नव्हतो!

लेओकाडिया : वही घेऊन आला होतास, ते त्याहून वाईट. वहीत गेलं की गावात गेलं, आणि रविवारी शहरातून गाड्या भरभरून माणसं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मुठीतच गुदमरवलं मी तिला.

लुद्विक : तू खोटं बोललीस आणि मी त्यावर शिक्का मारला. वा!

लेओकाडिया : आणि तू रे? स्वतः रानात जाऊन बघितलंस?

लुद्विक : पाऊस होता.

लेओकाडिया : पाऊस!

लुद्विक : चार दिवस लागून राहिला होता, आणि सोमवारी कागद द्यायचा होता. वाटलं, आत्याला ठाऊक नाही तर कुणाला असणार? गेलो नाही. चुकलो.

लेओकाडिया : अजून एक ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं माझं अळंबीचं सूप तुला आवडतं ना?

लुद्विक : त्याचा इथं काय संबंध?

लेओकाडिया : तीही असायची त्यात. वाळवून, बारीक चिरून, बाकीच्यांत मिसळून.

लुद्विक : त्या वर्षीसुद्धा?

लेओकाडिया : त्या वर्षी तू दोनदा वाढून घेतलंस.

लुद्विक : यादीत नामशेष लिहिली, आणि वर ओरपली! कुणाला तोंड दाखवू मी आता?

लेओकाडिया : आणि मी कुणाला दाखवू?

लुद्विक : सातही नेले?

लेओकाडिया : सहा. सातव्यावर लाल रंगाची खूण मारून गेलेत. सोमवारी नेणार.

लुद्विक : आणि त्याच्यावर आहे ती?

लेओकाडिया : आहे. एकच. एवढीशी, बाळमुठीएवढी.

लुद्विक : मग अजून जीव आहे म्हणायचं! फोटो काढतो, मोजतो, आजच कळवतो. नोंद असली की ठेकेदाराला हात लावता येणार नाही. यादीही बदलायला लावतो.

लेओकाडिया : त्यात लिही, लेओकाडियानं खोटं सांगितलं होतं.

लुद्विक : आणि लुद्विक पावसाला भिऊन घरी बसला, तेही लिहितो. साहेब सोलून काढणार मला. काढू दे. पण जागा, आत्या? नेमकी जागा लागेल. खरंच वाटतं का गं तुला, वर्ष काढणार नाहीस असं?

लेओकाडिया : वाटतं. वाटलं नसतं तर तेव्हाच सांगितलं नसतं का?

लुद्विक : मग हा घे, कान पुढे केला. हळूच सांग.

लेओकाडिया : कान नको, लुद्विक. वही काढ.