यादीत नाव न्हाई

न्हाई न्हाई, बिघडला न्हाई तो — बसा तुम्ही, स्टुलावर नको, त्याचा पाय हलतोय, हिकडं खुर्चीवर बसा, मामा — काका. काका म्हणालो मी. तुम्ही बँकेतनं येईस्तोवर लॅपटॉप उघडून ठेवला. आता स्क्रीनवर काय आलंय बघा — ह्याच्यावर विंडोज अकरा चालणार नाही. का? तर प्रोसेसर जुना, यादीत नाव न्हाई. बस्स. चालवून बघितलं? न्हाई. यादी बघितली आणि न्हाई म्हटलं. माणसं पण अशीच असत्यात, राग मानू नका — एखाद्यानं नववीत शाळा सोडली — बाबा सुपारीच्या झाडावरनं पडले, शेत कोण बघणार, म्हणून सोडली — तर त्याचं काम बघायच्या आधीच... जाऊ दे. चहा सांगू? माझं नाव? नाव काय करायचंय, दुकानाची पाटी हाय की वर.

दुसरीकडं भंगारात टाका म्हणाले व्हय? मग प्राजक्तानं रामनगरात इथंच द्या म्हणून सांगितलं — तसं म्हणाली ती? न्हाई, सहज विचारलं. तुमच्या मुलीचं नाव मला कसं ठाऊक? पिशवीवर लिहिलंय न्हवं.

आता गंमत बघा. विंडोज बसवणाऱ्या सेटपला सरळ विचारलं की तो यादी काढतोय. मग त्याला सांगायचं — बाबा, हा साधा लॅपटॉप न्हाई, हा सर्व्हर हाय, मोठ्या हाफिसातला मुख्य कॉम्प्युटर. ही एवढी एक ओळ टाईप करायची — आणि बघा, कसा मुकाट्यानं पुढं सरकला! मोठ्या माणसाकडं कागद कोण मागतोय? लबाडी? थोडी हाय की. पण लॅपटॉप तोच, आणि त्याच्यावर बसणार ते पण घरातलंच विंडोज. आमच्या आतेनं तुमच्याकडं अशी एक ओळ टाकली असती, पोराचा कारखाना हाय म्हणून, तर — कुठली आते? दिग्गीची, अनुसया आते. न्हाई हो, तुमच्याकडं स्थळ घेऊन आलेली ती दुसरी असंल. दिग्गीत अनुसया चार-पाच तरी असतील.

बासष्ट टक्के. तीनदा बंद होऊन चालू होईल, घाबरायचं न्हाई. फोटो, तुमच्या लॉजची बुकिंगं, सगळं जागच्या जागी राहतंय — कुठलं लॉज म्हणजे? गणेशगुडीचं. तुम्हीच म्हणालासा मघाशी. न्हाई म्हणालासा? मग अंदाजानं म्हणालो असंन. आणि हे 'पी'चं बटण जोरात दाबायला लागतंय, लोणचं सांडलं हुतं — म्हणजे वास येतोय की लोणच्याचा, बघा. एक सांगतो, खोटं बोलणार न्हाई तुमच्याशी. कंपनी ह्याचे अपडेट कधी बंद करंल, त्याची हमी मी देत न्हाई. बंद पडला तर रात्री-अपरात्री येऊन करून देईन, ही हमी देतो. जन्मभर. लॅपटॉपचं बोलतोय मी.

तुमची बस साडेबाराची न्हवं? होतंय, होतंय — शेवटचं चालू होतंय आता. आला! आला बघा! यादीत न्हाई म्हणत हुता, ह्यो बघा कसा झकास उठला. आता पासवर्ड घातला की — झालं. बघा, फाईली सगळ्या हाईत. हे फोल्डर, हे — बघा की, काका.

काका?

पासवर्ड? न्हाई... तुम्ही न्हाई सांगितलासा. काय हाय म्हणजे — मोठ्यानं सांगू? 'वासू'. पुढं नऊचा आकडा. नववीचा. तो तिनंच ठेवलाय, देवाशपथ, मी न्हाई. आमचं स्थळ आलं तवा तुम्ही नववी-नववी म्हणून तिला चिडवलासा, त्याच दिवशी ठेवला.

व्हय. वासू माझंच नाव.

हॉर्न वाजतोय, काका, गणेशगुडीचीच हाय. पळा, पुढची एकदम चारला. पिशवी घ्या. चार्जर राहिला — हा. पळा की.

काका...

मामा, बस गेली की.