एकमेव प्रत, उपलब्ध

"हॅलो?… हो, हो, वाचनालयच… चिंचवडचं… मी कार्यवाह बोलतोय, गुरुदत्त… बोला ना, ताई."

गुरुदत्तराव खुर्चीत मागे रेलले. निघोजे गावच्या हद्दीतल्या एका कारखान्यात, क्वालिटी खात्यात, त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बाहेरून येणारा फोन तक्रारीचाच असतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. पण हा आवाज गोड होता, त्यामुळे ते बेसावध राहिले.

"कुठून, चिपळूणहून?… अरे वा!… नाव काय म्हणालात?… विजयश्री… बोला विजयश्रीताई… ऑनलाइन सूचीत सापडलो आम्ही?… अहो, तेच तर! त्यासाठीच तर केली ती. गडचिरोलीच्या माणसाला घरबसल्या कळलं पाहिजे, की हवं ते पुस्तक सावंतवाडीच्या कपाटात आहे… चारशे वाचनालयं जोडलीत, ताई, चारशे! आणि सगळ्यांत आधी यादी कुणाची गेली?… बरोब्बर. आमची. प्रमाणपत्र आहे इथं भिंतीवर."

समोरच्या टेबलावर ग्रंथपाल मृदुलाताई एका कादंबरीला खाकी कव्हर घालत होत्या. त्यांनी मान वर करून प्रमाणपत्राकडे बघितलं. गुरुदत्तरावांकडे बघितलं नाही.

"कुठलं पुस्तक?… थांबा, लिहून घेतो… 'निघोज्याचं शिवार'… लेखक दौलतराव गुरुजी… हं… अख्ख्या राज्यात एकच प्रत?… ती आमच्याकडे?… आणि पुढं काय लिहिलंय?… 'उपलब्ध'… हो ना… उपलब्ध म्हणजे… आहेच."

'आहेच' तोंडातून निसटलं आणि गुरुदत्तरावांना लाल चिठ्ठी आठवली.

कारखान्यात रीत अशी होती, की वर्षभर ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची. महिनाभरात कुणी 'ही माझी' म्हणत आलं नाही, की वस्तू बाहेर. या रीतीनं त्यांनी उभ्या नोकरीत तीन शेड मोकळ्या केल्या होत्या आणि त्याबद्दल एक भिंतीवरचं घड्याळ मिळवलं होतं. निवृत्तीनंतर वाचनालयाचं कार्यवाहपद आलं, तसं गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी चिठ्ठ्या इथं आणल्या. दहा वर्षांत ज्याला वाचक मिळाला नाही, त्या पुस्तकाला लाल चिठ्ठी. सहाशे बारा पुस्तकं निघाली. मृदुलाताई म्हणाल्या, "साहेब, पुस्तक म्हणजे नट-बोल्ट नव्हे." साहेब म्हणाले, "पडून राहणं हा दोषच आहे, मृदुलाताई." टेम्पो आला, भरला, गेला.

जानेवारीत राज्याच्या सूचीसाठी यादी मागवली गेली. सहाशे बारा वजा केली तर सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत वाचनालय एका वर्गानं खाली घसरत होतं. म्हणून गुरुदत्तरावांनी कपाट न उघडता जुनं दाखल रजिस्टर उघडलं आणि सगळी यादी त्यावरून टाइप करवून घेतली. मग 'स्थिती' नावाच्या रकान्यात, पहिल्या पुस्तकापुढे स्वहस्ते 'उपलब्ध' लिहिलं, त्या चौकोनाचा कोपरा माउसनं धरला आणि तळापर्यंत खाली ओढला. सहा सेकंदांत साडेचार हजार पुस्तकं उपलब्ध झाली. एकतीस वर्षांत गेज लावल्याशिवाय एक वॉशरसुद्धा या माणसानं पास केला नव्हता.

"हॅलो… हो, हो, आहे मी… नाही, म्हणजे काय झालंय, ताई, ते सध्या एका वाचकाकडे गेलंय… कालच… सूचीत लगेच नाही दिसत हो ते… काय?… तुमच्या चिपळूणच्या वाचनालयातल्या मुलीनं आज इथं फोन केला होता?… आणि आमच्या बाईंनी काय सांगितलं?… 'कार्यवाहांशीच बोला'… हं. बरोबर सांगितलं."

मृदुलाताईंनी खाकी कागदाची घडी नखानं दाबली.

"नाही, वाचकाकडे म्हणजे… बाइंडरकडे. बाइंडर वाचतो हो आमचा… पानं सुटली होती… चोवीस पानांची पुस्तिका आहे?… स्टेपल मारलेली… हो, तेच ना, ते स्टेपलच गंजलं होतं… फोटो काढून? हो, पाठवू की… आज नाही. बाइंडर गावाला गेलाय… कधी येईल ते… त्याच्याकडे लग्न आहे."

बाइंडरला मुलगी द्यावी की मुलगा, याचा ते विचार करू लागले.

"नाही नाही, तुम्ही कशाला येताय?… गुरुवारची एस.टी.?… रिझर्वेशन झालंसुद्धा… दोन सीट… दुसरी कुणाची?… वडिलांची… म्हणजे दौलतराव गुरुजी तुमचे… आहेत?… नाही, तसं नाही, आहेत हे फार उत्तम आहे… वय?… एक्क्याण्णव… आणि कुंभार्ली घाटातून, एस.टी.नं?"

खुर्ची आपोआप सरळ झाली.

"ऐकतोय, ताई, बोला… हो… दोन हजार एकवीसचा पूर… टीव्हीवर बघितला होता आम्ही… सगळ्या प्रती?… कपाटासकट… आणि रोज पहाटे उठून काय म्हणतात?… शिवारातली नावं… वेशीपासून निघून नदीपर्यंत, ओळीनं… सतरा… आणि सोळाव्याला अडतात… मग परत वेशीपासून… सोळावं सापडल्याशिवाय चहा नाही… रोज?… कधी कधी अकरा वाजेपर्यंत… मग तुम्ही काय सांगता?… 'पुस्तक सापडलंय, बाबा, चिंचवडला आहे'… कधी सांगितलंत?… रविवारी… आणि तेव्हापासून चहा घेतात."

गुरुदत्तरावांच्या पुढ्यात चहाचा कप होता. त्यांनी तो थोडा लांब सरकवला.

"ताई… ताई, एक मिनिट… अहो ऐका ना… ते रिझर्वेशन रद्द करा… नाही, घाटासाठी नाही… ऐका… पुस्तक नाहीये."

मृदुलाताईंचे हात थांबले.

"नाही, बाइंडरकडेही नाही… वाचकाकडेही नाही, कुणी नेलंच नव्हतं… रद्दीत गेलं… गेल्या दिवाळीत… मी दिलं… नाही हो, चुकून नाही. चुकून दिलं असतं तर बरं झालं असतं. विचार करून दिलं… सहाशे बारा होती, त्यातलं एक… नाही, उघडून नाही बघितलं… 'उपलब्ध' पण मीच लिहिलं… नंतर… हो, दिल्यानंतर… माहीत होतं."

पलीकडून एक प्रश्न आला. 

"रद्दीवाल्याला विचारून बघतो, ताई… पण खोटं कशाला सांगू, आता पुन्हा… लगदा झाला असणार त्याचा. पुठ्ठा होतो, त्याची खोकी होतात, इकडं पार्ट पॅक करायला लागतात…"

म्हणजे निघोज्याचं शिवार आता एखाद्या गाडीच्या आरशाला गुंडाळून निघोज्याच्याच एखाद्या गेटातून आत गेलं असेल. हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हॅलो?… ताई?… रागवा हो, काय वाटेल ते बोला, पण बोला… हॅलो?… काय?… स्पीकरवर?… गुरुजी शेजारीच बसलेत?… कधीपासून?… पहिल्यापासून… बाइंडरसकट."

गुरुदत्तराव उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नमस्कार, गुरुजी… गुरुदत्त… हो… नाही, उभाच आहे… हो, चूक झाली… हो… नाही, बाइंडर खोटा होता… लग्नही."

गुरुजींनी एक प्रश्न विचारला. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मृदुलाताईंकडे वळले. काही विचारायची गरज पडली नाही. मृदुलाताईंनी जुनं देवघेव रजिस्टर उघडूनच ठेवलं होतं. त्यांचं बोट एका ओळीवर होतं. ते कधीपासून तिथं होतं, कोण जाणे.

"गुरुजी, विचारलंत ना, कुणी वाचलं होतं का… वाचलं होतं. दोनदा… सत्तेचाळीस वर्षांत दोनदा… एकदा इथल्या शाळेतल्या एका बाईंनी… दुसऱ्यांदा… दुसऱ्यांदा जमिनीच्या एका एजंटानं… तीन महिने ठेवलं होतं… हसताय?… हो, खरंय, त्यानं अगदी नीट वाचलं असणार."

गुरुजींचं हसू मृदुलाताईंनाही ऐकू आलं. ते थांबायचं नाव घेईना, तेव्हा गुरुदत्तराव जास्तच अवघडले. शिव्या आल्या असत्या तर त्या कुठं ठेवायच्या, हे त्यांना माहीत होतं.

"शिक्षा?… सांगाल ती… काय घेऊ?… पेन?… आहे… कागद…"

त्यांनी ड्रॉवर ओढला. ड्रॉवरमध्ये उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. मागची बाजू कोरी.

"आहे, गुरुजी, कागद आहे. सांगा… एक, चिंचमळा… वेशीबाहेर लगेच… ओढ्याच्या अलीकडे?… अहो, तिथं तर कंपनीच्या बसेस लागतात! एकतीस वर्षं रोज तिथंच उतरलो मी… आम्ही 'गेट दोन' म्हणायचो… नाही, चिंचा नाहीत. एक होती, तिच्याखाली पान खायचे ड्रायव्हर… दोन, रांजणखाच… तिथं आता पेंट शॉप… गाड्या रंगवतात… हो, पाणी लागतं ना भरपूर… तीन, म्हसोबाची पट्टी… म्हसोबा आहे! आहे, गुरुजी, जागेवर आहे. कंपाउंडच्या आत घेतलाय. सिक्युरिटीवाले अमावास्येला नारळ फोडतात… बाहेरच्याला जाता येतं, पण गेटपास लागतो."

एका चिठ्ठीवर एक नाव. गुरुजी शिवारातून चालत होते आणि गुरुदत्तराव त्यांच्या मागोमाग कारखान्यातून. उभी पट्टी म्हणजे टेस्ट ट्रॅक निघाला. करंजताल म्हणजे कँटीन. जिथं आपण उभ्या जन्मात साडेसात हजार वेळा जेवलो त्या जागेला नाव होतं, आणि ते नाव चोवीस पानांत बसून आपल्याच वाचनालयात सत्तेचाळीस वर्षं वाट बघत होतं. आपण त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. गाठसुद्धा नीट मारली होती.

"पंधरा… गाढवलोळण… लिहिलं… सोळा?… सावकाश, गुरुजी… नाही, घाई नाही मला… सतरावं कोल्हेटेक, नदीच्या वरचं… ते लिहितो… मधलं राहिलं… परत वेशीपासून? म्हणू या ना… चिंचमळा… रांजणखाच… म्हसोबाची पट्टी…"

दोघांनी मिळून ती नावं दोनदा म्हटली. दुसऱ्या खेपेला मृदुलाताईंचेही ओठ हलत होते. गाढवलोळणीपाशी पलीकडचा आवाज थांबला. त्या थांबण्यात एक्क्याण्णव वर्षांचा दम लागल्यासारखा झाला, आणि मागून विजयश्रीताई काहीतरी हळू बोलल्या.

गुरुदत्तरावांच्या डोक्यात एक नाव तयार होतं. 'सतीचा माळ.' कुठल्याही गावात खपलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की गुरुजी, आठवलं, मी वाचलं होतं. म्हातारा 'हां, तेच!' म्हणाला असता, चहा प्याला असता, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांचा उजवा हात टेबलावर, माउस असतो तिथं, थोडा पुढं सरकलासुद्धा.

"नाही, गुरुजी… मला नाही माहीत… पण थांबा, ऐका ना… निघोज्यात तात्याबा म्हणून आहेत एक… पंचाहत्तरीचे… जमीन गेली, तरी रोज सकाळी कंपाउंडाला धरून नदीपर्यंत चालत जातात. आम्ही बसमधून हसायचो त्यांना… तुमचा विद्यार्थी?… चौथीत दोनदा बसवलात?… मग त्यांना पक्कं माहीत असणार… सांगतो… हो, तुम्ही आठवण काढली म्हणून सांगतो… छडीचं नाही सांगत… आज दुपारीच जातो… फोनवरून नाही, जातोच… आणि तुम्ही गुरुवारी निघू नका… मीच येतो, सतराच्या सतरा घेऊन… नाही, एस.टी.नंच येईन… घाटातून, हो… शिक्षाच समजतो."

त्यांनी घसा खाकरला.

"गुरुजी, तोवर चहा… नाही, माझ्यासाठी म्हणून नका घेऊ, माझ्यासाठी कशाला घ्याल… पंधरा आणि एक, सोळा झालीच की… एकच राहिलंय… विजयश्रीताई, तुम्ही तरी सांगा त्यांना… हॅलो?… काय म्हणाले?… घेतील?… आवाज तुटतोय… हॅलो?… घेतला का?… हॅलो?"

लाइन गेली होती.

त्यांनी पुन्हा लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' मग फोन ठेवून त्यांनी टेबलावर सतरा लाल चिठ्ठ्या मांडल्या, वेशीपासून नदीपर्यंत. सोळावीवर फक्त आकडा होता. मृदुलाताई उठून आल्या, वरून खालपर्यंत वाचत गेल्या आणि त्या कोऱ्या चिठ्ठीपाशी थांबून त्यांनी गुरुदत्तरावांकडे बघितलं.

गुरुदत्तरावांनी या खेपेला, सूचीत केलं होतं तसं, वरचं खाली ओढलं नाही. कोरी चिठ्ठी तेवढी शर्टाच्या खिशात घातली आणि विचारलं,

"मृदुलाताई, निघोज्याला कुठली बस जाते हो?"

एकतीस वर्षं ते रोज तिथंच गेले होते. गावात मात्र कधी उतरले नव्हते.