देवापुढची चिमूटभर साखर

...अन् वर म्हणे, टेन्शन घेऊ नका! आता तुम्हीच सांगा, टेन्शन काय कुणी मंडईतून पिशवी भरून आणतं होय? "मावशी, आज टेन्शन ताजं आलंय, अर्धा किलो घालू का?" असं कुणी विचारतं का? ते आपलं घरात असतंच... मिठासारखं. नको, मिठाचं नाव नको काढायला, डॉक्टरीणबाई लगेच बीपी मोजतात!

तर तुम्हाला सांगते, आम्ही कुंडलचे. बघाल तिकडं ऊस. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर येते, तिचं पोतं कोपऱ्यात उभं असतं, घरातल्या थोरल्या माणसासारखं. अन् साखर झाली कुणाला? मला! पलूसच्या डॉक्टर पल्लवीबाई म्हणाल्या, "काकू, गोळ्यांनी आवरत नाही. पुढच्या तपासणीत उतरली नाही तर इन्शुलिन सुरू करावं लागेल." इंजेक्शन! रोज! स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पोटात! अहो, मी सुईत दोरा ओवतानासुद्धा जीव मुठीत धरते!

मग केलं की सगळं बंद. भात बंद, चहातली साखर बंद. पण बिनसाखरेचा चहा मागणं सोपं वाटतं का तुम्हाला? शेजारच्या हरणाबाईंनी तर गालालाच हात लावला, "आगं बया! आमची साखर काय कडू हाय व्हय? घे घोटभर, घोटानं काय हुतंय!" अन् सासूबाई गुळाचा खडा घेऊन माझ्या मागं, "गूळ म्हंजी साखर न्हवं गं, आपल्याच रानातला हाय!" आता रक्ताला काय कळतंय, कुणाच्या रानातला ते!

एवढं करूनही मधे एकदा बोट टोचून बघितलं, तर साखर वरच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसली काळजी करता का?" म्हटलं, छे, कसली नाही... पोरगं तेवढं सरहद्दीवर आहे. बर्फात. आठवडा आठवडा फोन लागत नाही. त्या म्हणाल्या, "काकू, काळजीनंसुद्धा साखर वाढते. जीव घाबरला की शरीराला वाटतं, आता लढायचं नाहीतर पळायचं. मग यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. रोज घाबरलात तर रोज सोडणार. टेन्शन घेऊ नका."

म्हणजे बघा! लढायला पोरगं तिकडं, अन् रसद इकडं माझ्या रक्तात! कारखान्याचा हंगाम तरी उन्हाळ्यात संपतो, ऊस संपला की बॉयलर गार. माझ्या पोटातला कारखाना बारमाही! अन् म्हणे टेन्शन घेऊ नका!

आमचे हे फौजेतूनच रिटायर. ते म्हणतात, "नो न्यूज, गुड न्यूज! आम्ही काय रोज फोन करत होतो का?" नव्हता ना करत! तेव्हापासूनच साठतीय ही साखर!

आता खरी गोम ऐका. साईराज भरती झाला तेव्हा मी जोतिबाला बोलले होते, की पोराचा फोन आला की आधी तुझ्यापुढं चिमूटभर साखर ठेवीन, प्रसाद म्हणून तोंडात टाकीन, मगच दुसरं काम. तेव्हा कुठं होती मला साखर? अन् आता देवाला काय सांगू, डॉक्टरांनी बंद केलीय म्हणून? फोन आला नाही तर काळजीनं वर, फोन आला तर प्रसादानं वर! अन् आनंदात माणसाची चिमूट केवढी होते, ते काय सांगायला पाहिजे का?

आज तपासणी होती. उपाशीपोटी. त्यात पोराचा फोन नाही. काल टीव्हीवर बर्फाचा कडा कोसळल्याची बातमी आली. गावाचं नाव कळायच्या आत यांनी टीव्ही बंद केला. 'नो न्यूज'सुद्धा म्हणाले नाहीत!

डॉक्टरीणबाईंच्या लॅबमधल्या रेश्मानं दंडाला रबर बांधलं. "काकू, काही खाल्लं न्हाई न्हवं?"

"चूळ भरलीय गं फक्त."

सुई टेकणार, तोच फोन! "आई, मी बरा हाय. लाइन बंद हुती. तू जेवलीस का?"

जेवलीस का! बर्फात उभा राहून विचारतो, जेवलीस का! मी रडले, हसले, अन् रबरासकट हात पिशवीत घातला. तिथं साखरेची पुडी असतेच, कुठंही फोन आला तर असावी म्हणून. पिशवीतल्याच जोतिबाच्या फोटोला टेकवली अन् अख्खी पुडी तोंडात! रेश्मा सुई धरून तशीच. "काकूऽऽ! खाल्लंसा की वो!"

म्हटलं, "खाल्लं कुठं गं? प्रसाद घेतला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत हो. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "प्रसाद घरात दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"कुणाला देऊ? सासूबाईंनाही साखर आहे, यांनाही आहे!"

"बरं, उद्या परत या. उपाशीपोटी. अन् फोन तेवढा घरी ठेवून या."

ऐकलंत? फोन घरी ठेवून या! म्हणजे तो तिकडं वाजणार, अन् मी इकडं रबर बांधून... वाजला असेल का? कुणी उचलला असेल का? सासूबाईंनी तांबडं बटण तर दाबलं नसेल? झाला की कारखान्याचा भोंगा सुरू! अन् वर म्हणे, टेन्शन घेऊ नका!

जाते उद्या, काय करता? फोन घरात, जीव फोनपाशी, हात तेवढा रेश्मापाशी... इन्शुलिनची सुई कशी धरायची, ते लगे हात तिलाच विचारून ठेवते.