तुमादिरचं नाव विहिरीवर गेलं तेव्हा

वेडा वेडा करू नकोस रे बाबा माझ्यासमोर. जुंदब म्हण. माझ्या दिराचा मुलगा होता तो, काकू म्हणायचा मला. तू बसऱ्याहून आलास, पंधरा दिवस उंटावर हाडं खिळखिळी करून घेतलीस, कशाला तर त्याच्या कविता लिहून घ्यायला — घे की, मी कुठे नको म्हणते? तू काय पहिला आहेस? तिघं येऊन गेले याआधी. सगळ्यांना तेच हवं — तो कसा झुरला, कपडे कसे फाडले. माझ्या लेकीची विचारपूस कुणाला नाही, आणि केलीच तर काय, तर म्हणे दिसायला कशी होती! होती कशाला, आहे ती. तुमादिर माझी सासरी आहे, दोन मुलं आहेत तिला. आणि तिच्याकडे तू जायचं नाहीस, आधीच सांगून ठेवते. नवरा तिचा वाईट नाही, पण कुठे कुणी जुंदबच्या, तिच्या नावाच्या त्या ओळी म्हटल्या की दोन-दोन दिवस बोलत नाही तिच्याशी.

जुंदबला का दिली नाही म्हणजे? शहरात पडत असतील असले प्रश्न. आमच्यात मुलीचं नाव कवितेत घालून चारचौघांत म्हटलं गेलं, की त्या कवीला ती मुलगी द्यायची नाही. दिली तर लोक म्हणणार, आधीच काहीतरी होतं, म्हणून झाकायला दिली. संपलं. नाहीतर शब्द दिल्यात जमा होता रे. लहानपणापासून दोघं एकाच कळपामागे, आणि मलाही तोच जावई हवा होता. मग एका संध्याकाळी हे आले, तलवार काढून समोर ठेवली आणि म्हणाले, गुराखी आपल्या तुमादिरच्या नावाच्या गाण्यावर उंट हाकताहेत. ती चाल मेली उंटांच्या पावलावर अशी चपखल बसली होती, की तीन मुक्कामांपलीकडे पोचली.

त्यानं ती कविता चारचौघांत म्हणायचीच कशाला — तेच तर! सगळे हेच विचारतात. तुमादिरसुद्धा. मिरवायची हौस होती त्याला, म्हणते, माझ्यापेक्षा लोकांची वाहवा प्यारी. पुन्हा तोंड बघितलं नाही तिनं त्याचं. अरे, पण त्यानं ती म्हटली होती एकदाच — ह्या तंबूत, ह्या खांबापाशी बसून, मला एकटीला. काकू, ऐक ना, म्हणाला. इतकी गोड होती — आणि माझ्या लेकीवर होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोहरा ओढताना — ओढताना काहीतरी गुणगुणतोच ना माणूस? चार बायका होत्या फक्त. एकीनं विचारलं, कुणाची गं? मी सांगितलं. हसत सांगितलं.

काय लिहितोयस? थांब. थांब जरा. — मग तो आला माझ्याकडे. काकू, मी कुठे म्हणालो गं ती? मला आठवत कसं नाही? आणि मी म्हटलं, म्हणाला असशील कुठेतरी, झोपेतबिपेत. झालं. त्यानंतर तो झोपेचना. बोलायला गेला की स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायचा. वर्षभर भेटेल त्याला विचारत हिंडला — तुझ्यासमोर म्हणालो का, तुझ्यासमोर म्हणालो का — ह्यालाच लोक प्रेमाचं वेड म्हणतात! दूध घेऊन जायची मी रोज त्याच्याकडे. आज सांगीन, आज सांगीन म्हणत जायची. गेला तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हाही नाही सांगितलं.

खोड ते. खोड म्हणते ना, दे तो बोरू इकडे! तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, समजतंय का तुला? एकच लेक आहे मला. तुला एकट्याला सांगितलं, म्हणून का तू ते चारचौघांत —

नको. राहू दे. नको खोडूस. तिच्याकडे जा, आणि हे वाच तिच्यासमोर. हसत सांगितलं, तेसुद्धा वाच. ऊठ आता. ऊठ म्हणते ना, माझा विचार बदलायच्या आत नीघ.