काका बारीक झाले

...नाही, पण मला एक सांगा, पंख तोच, वारा तोच, स्क्रू तेच, ते आवळणारा मूर्खही तोच, मग आकडा फक्त मंगळवारी आणि गुरुवारीच का यावा? तुम्हाला सांगतो, सहा वर्षं झाली माझ्या पीएचडीला, मेकॅनिकल आणि एरोस्पेस, म्हणजे लग्न एकच आणि सासरं दोन... या सहा वर्षांत धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली आणि आता फोनवर विचारते, ‘मामा, तू कितवीत?’ काय सांगणार त्या लेकराला?

काम काय, तर हातभर लांबीचा एक पंख, त्याच्या पाठीवर मी बारीक खाचा पाडल्यात, तो विंड टनेलमध्ये टांगायचा. विंड टनेल म्हणजे खोलीभर लांबीचा पेटारा, एका टोकाला भलामोठा पंखा, तो दुसऱ्या टोकाच्या तोंडातून वारा ओढून घेतो. पंखा वेगळा आणि पंख वेगळा, हे आमच्या आईला अजून कळलेलं नाही, ती शेजारीपाजारी सांगते की पोरगा पंखे दुरुस्त करतो! तर वारा त्या पंखाला मागे ओढतो, ती ओढ मोजायची, आणि माझ्या खाचांमुळे ती आठ टक्क्यांनी कमी झाली. आठ! मी धावत सरांकडे. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, ग्राफ उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, ‘छान. पुन्हा एकदा घे.’

पुन्हा घेतला. शून्य! परत घेतला, शून्य... मंगळवारी घेतला, आठ! बुधवारी शून्य, गुरुवारी आठ, शुक्रवारी माझ्या तोंडाला फेस. वायरी बदलल्या, काटा बदलला, शर्टसुद्धा बदलला, हसू नका, तुमच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं. सरांचं एकच, सलग तीन दिवस आठ आले की सही देतो, आणि विद्यापीठाचा नियम असा की सहा वर्षांत सही नाही तर तुम्ही तुमच्या घरी. रडू यायचं हो, खरंच, त्या पेटाऱ्याला टेकून रडायचो. आणि सर दारातून डोकावून, ‘पुन्हा एकदा घे.’

आणि मग एका गुरुवारी मान वर केली तर टनेलच्या तोंडाशी काका. काका म्हणजे आमच्या लॅबचे मेकॅनिक, निवृत्तीला महिना राहिलेला, पोट असं की आधी पोट खोलीत येतं, मग काका. मंगळवार-गुरुवार त्यांच्या वर्कशॉपात वेल्डिंग चालतं, उकडतं, म्हणून हे गृहस्थ स्टूल घेऊन इथे पेपर वाचत बसतात, कारण काय, तर इथे वारा छान लागतो! अहो, सगळा वारा त्यांच्या पोटाला वळसा घालून आत शिरत होता! म्हटलं, ‘काका, जरा उठता?’ उठले, शून्य. ‘बसता?’ बसले, आठ. उठले, शून्य. पाचव्या वेळी काका म्हणाले, ‘अरे, गुडघे माझे आहेत.’

मग त्यांच्या जागी काय नाही ठेवलं मी! ड्रम ठेवला, कपाट सरकवलं, टेप घेऊन काकांचं माप काढलं, बेंबीपाशी एकशे अठरा, आणि तेवढाच पुठ्ठ्याचा पुतळा केला. शून्य! शेवटी मान खाली घालून सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, ‘म्हणजे इतकी वर्षं तू पंख मोजत नव्हतास, काकांना मोजत होतास.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तर म्हणतात, ‘मग त्यावरच लिही. तोंडाशी अडथळा असला की आत काय होतं. विषय चांगला आहे. फक्त काकांना बसवून पुन्हा एकदा घे.’

एकदा म्हणजे तीस वेळा! तोवर काका निवृत्त. पाया पडलो, म्हटलं आठवड्यातून दोनदा नुसते येऊन बसा. देवमाणूस हो, आले. पण निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, चाला. आणि आयुष्यात कुणाचं न ऐकलेला माणूस डॉक्टरांचं ऐकायला लागला! आठाचे सात झाले, साताचे पाच झाले. काकूंना फोन केला, म्हटलं त्यांना जरा तूपसाखर वाढा ना, तर काकू म्हणाल्या, ‘तुझ्या डिग्रीपायी मी माझं कुंकू पुसून घेऊ का?’ त्यांचंही बरोबरच आहे हो... आता काका छान दिसतात, जिने चढतात, शीळ घालतात, आणि माझा आकडा दोनावर आलाय.

सहा वर्षं परवा संपली. काल मुदतवाढीचा अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, विलंबाचं कारण. आता खोटं किती लिहायचं? जे आहे तेच लिहिलं : ‘काका बारीक झाले.’ ऑफिसातल्या बाईंनी वाचलं, पेन खाली ठेवलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, ‘अरेरे. सख्खे का?’

म्हटलं, ‘नव्हते हो... पण आता सख्खेच म्हणायचे.’